स्टेजवरची तीन वाक्यं

नांग सेंग लाओच्या घराच्या तळमजल्यावर पुढच्या बाजूला तिचं टोफूचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत शान या अल्पसंख्य लोकांच्या पक्षाची कचेरी. तिचा नवरा साई ओन पक्षाचा तालुक्याचा चिटणीस. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. सकाळी लोक हरभऱ्याच्या पिठाचा गरम, सैल टोफू तांदळाच्या शेवयांवर ओतून घ्यायचे, खाऊन झालं की मागे जाऊन राजकारणाच्या गप्पा ठोकायचे.

मग लष्कराने सत्ता घेतली आणि काही वर्षांनी निवडणूक जाहीर केली. पक्षाने सांगितलं, बंदुकीच्या धाकाखालची निवडणूक आम्ही लढणार नाही, नोंदणीही करणार नाही. सरकारने पक्षच बरखास्त केला. साई ओनने पाटी उतरवली, पण तोंड काही आवरलं नाही. मोटरसायकलवरून गावोगाव जाऊन तो सांगत सुटला, "मतदानाला जाऊ नका."

"अहो, निवडणुकीविरुद्ध बोललं तर सरळ तुरुंग आहे," सेंग लाओ कढईतलं पीठ घोटता घोटता म्हणाली. "त्या भाजीवाल्या थुनला उचललं, अजून पत्ता नाही."

"मी हळूच सांगतो."

"तुम्ही हळू बोललेलं नदीपलीकडे ऐकू जातं!"

तो हसला. तिला हसू आलं नाही. रस्त्यात एखादा ट्रक हळू झाला तरी तिच्या हातातला झारा थांबायचा.

एका सकाळी वॉर्डप्रमुख साई फा आला. जुनं गिऱ्हाईक. वाडगा अर्धा झाल्यावर खाली बघत म्हणाला, "वहिनी, चौकीवरचे कॅप्टनसाहेब म्हणतात, साई ओनने निवडणुकीला अपक्ष उभं राहावं. जबरदस्ती नाही. विचार करा म्हणाले."

"आणि नाही म्हटलं तर?"

"ते काही म्हणाले नाहीत." त्याने उरलेला टोफू तसाच ठेवला. "म्हणून तर मला भीती वाटतेय."

त्याच दिवशी दुपारी साई ओन लाकडं नेणाऱ्या ट्रकमधून डोंगराकडे गेला, तिथून थायलंडच्या सीमेकडे. तिने त्याला भाताचा पुडा बांधून दिला, पण तिला रडूही आलं नाही, इतकी ती भीतीने गारठली होती.

दोन दिवसांनी सैनिक आले. तिने सांगितलं, हरभरे आणायला गेलेत. कॅप्टन तरुण होता, बोलायला गोड. बाकावर बसून म्हणाला, "मावशी, गेले तर गेले. तुम्ही आहात ना. रविवारी बाजारात सभा आहे. स्टेजवर या आणि तीनच वाक्यं बोला. मी चिटणीसांची बायको. मी मतदान करणार आहे. तुम्हीही करा. एवढं जमेल ना?"

"जमेल साहेब," ती म्हणाली.

आणि ती खरंच बोलणार होती. भांडी घासताना, आंघोळ करताना, ती वाक्यं ती पुटपुटत राहिली. धाकटी जाऊ नांग हॉम तिच्याकडे सोबतीला राहायला आली होती. तिने ऐकलं आणि विचारलं, "ताई, बोलणार?"

"मग काय करू? तूच सांग."

नांग हॉमने तिच्या पुढ्यातलं भांडं ओढून घेतलं आणि ती घासायला लागली.

रविवारी बाजारात माणसं होती, बहुतेक घरोघरी जाऊन हाकलून आणलेली. सैनिक कडेने उभे. सेंग लाओ स्टेजवर चढली आणि तिने माईकचा दांडा घट्ट धरला. समोर तिची रोजची गिऱ्हाइकं. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. तिने तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. पहिलं वाक्य काय होतं तेच आठवेना. माईकमधून फक्त तिचा श्वास साऱ्या बाजाराला ऐकू येत होता.

गर्दीतला एकेक जण मान वर करून तिच्याकडे बघू लागला.

कॅप्टनने माईक काढून घेतला आणि हसून म्हणाला, "बाई घाबरल्या."

ते अगदी खरं होतं, पण कुणाला पटलं नाही.

तिला चौकीत नेलं, तिथेही नाही पटलं. तिथे तिला पुन्हा पुन्हा विचारलं, गप्प राहायला कुणी शिकवलं? नवऱ्याने? जंगलातल्या बंडखोरांनी?

"भीती वाटली साहेब. आवाजच फुटला नाही."

"ज्यांना भीती वाटते ती माणसं बोलतात, मावशी," कॅप्टन म्हणाला. आता त्याच्या आवाजात गोडी नव्हती.

शेजारच्या खोलीतून कुणाच्या तरी कण्हण्याचा आवाज येई. दर वेळी दार वाजलं की तिला वाटे, आता आपली पाळी. शेवटी विहारातले मोठे भंते स्वतः चौकीवर आले, तिची हमी घेतली आणि तिला सोडवून नेलं.

दुकान उघडलं, तर रांग लागलेली. एरवी कधी न येणाऱ्या बायका आल्या होत्या. एका म्हातारीने तिचा हात कपाळाला लावला. "काय धाडस गं तुझं! एक शब्द काढला नाहीस."

"आजी, मला बोलायचं होतं. जमलं नाही."

"हो हो, असंच सांग सगळ्यांना," म्हातारी डोळा मारून म्हणाली.

मतदानाच्या सकाळी साई फा दारात आला. बरोबर दोन सैनिक. "वहिनी, चला." ती गेली. यंत्रासमोर उभं राहून कुठलं बटण दाबलं, ते तिला कळलं नाही. बोटाला शाई लागली. घरी येऊन तिने ते बोट राखेने घासलं, लिंबाने घासलं, कातडी सोलवटली. शाई गेली नाही. आठवडाभर ती बोटाला चिंधी बांधूनच टोफू वाढत राहिली. भाजलं म्हणून सांगायची.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी साई ओनचा फोन आला. आवाज आनंदाने फुललेला.

"अगं, इथे सीमेपलीकडच्या छावणीत सगळ्यांच्या तोंडी तुझंच नाव आहे! सेंग लाओने स्टेजवर लष्कराला—"

"मी बोलणार होते हो," ती म्हणाली. "पाठ केलं होतं मी. आवाज निघाला नाही, एवढंच."

पलीकडचा आवाज खाली आला.

"आणि मतदान?" त्याने विचारलं.

"केलं. घेऊन गेले होते."

फोन कट झाला असं तिला वाटलं. मग तो म्हणाला, "जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेवून घे. आणि हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस."

"मी सगळ्यांना सांगते," ती म्हणाली. "कुणी ऐकतच नाही."

तेवढ्यात बाहेर रस्त्यावर एक ट्रक हळू झाला. तिने फोन छातीशी दाबून धरला आणि तो पुढे जाईपर्यंत श्वास रोखून उभी राहिली.