नाचणगावच्या दोन देवकाबाई

नालवाडीची नलू १९८७ साली वर्ध्यातल्या एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसायची. पेशंटची यादी एका फ्लॉपीवर आणि कोणाला कोणतं औषध सोसत नाही ती यादी दुसऱ्या फ्लॉपीवर. दोन्हींची जोडी लावायची, तर मशीन एकेका पेशंटसाठी दुसरी यादी पहिल्यापासून वाचे. त्यात दुपार संपे. नलूने युक्ती केली. दोन्ही याद्या गाव आणि नावाप्रमाणे आधीच लावून घेतल्या. जोडी जुळली की दोन्हींकडे एक ओळ पुढे, नाही जुळली तर मागे असलेली यादीच पुढे. काम दहा मिनिटांत. साहेब मधुकरराव खूश झाले.

एके दिवशी नाचणगावला दवाखान्याचं शिबिर होतं. अशा जोड्या लावून छापलेले त्याचे कागद सकाळीच गेले होते. अकराच्या सुमारास फाईल लावताना नलूला दोन कार्डं दिसली. नाव एकच, देवकाबाई, नाचणगाव. नंबर २१२ आणि ६४०. पेनिसिलिन न सोसण्याची चिठ्ठी ६४० ची होती. मशीनने ती २१२ ला जोडली, आणि दोन्ही याद्या पुढे सरकल्या. जिला खरंच सोसत नव्हतं त्या ६४० च्या देवकाबाईपुढे छापलं गेलं होतं, ‘काही नाही’.

शिबिरात फोन नव्हता. पुलगावची बस मिळाली, पण ती प्रत्येक फाट्यावर थांबत होती. नलूच्या डोळ्यांपुढे एक न पाहिलेली बाई तडफडत होती. पुलगावला उतरून ती नाचणगावकडे पळतच निघाली.

शिबिर शाळेत होतं. ओसरीत नर्स प्रमिलाबाई पेनिसिलिनची सुई भरत होत्या. समोर एक म्हातारी, बाही वर केलेली.

“बाई, थांबा! सुई देऊ नका!”

“काऊन वं? देवकाबाईच्या कागदावर तर काहीच नाई.”

“कागद चुकला. माझ्या हातून.” नलूने म्हातारीला विचारलं, “आजी, मागं सुईनं त्रास झालता?”

“झालता न माय. अंगभर गांधी उठल्या, गळा आवळला. कागदात असंन म्हणून म्या बोलली नाई.”

नलूने कागदावरचं ‘काही नाही’ खोडून ‘पेनिसिलिन सोसत नाही’ असं लिहिलं. प्रमिलाबाईंनी तिला पाणी दिलं.

ती परतल्यावर मधुकरराव म्हणाले, “वेळेवर पोचलीस, आता कोणाले सांगू नको.” तिने ऐकलं नाही, डॉक्टरांना स्वतः सांगितलं आणि अकराशे कार्डं हाताने तपासली. एकाच नावामुळे चुकलेल्या आणखी दोन जोड्या निघाल्या. पुढे ती नावाऐवजी कार्ड नंबरावर जोडी लावू लागली. काम तेवढंच झटपट होई. तरी कागद गावाला निघाले की शिबिराची गाडी परत येईपर्यंत तिला डबा जात नसे.