माझी गाय आन कुऱ्हाडबंदी

मी शाळेत एकदाच गेलो. आमची कालवड वर्गात शिरली व्हती, तिला हाकलायला. गुरुजी म्हनले, दोघं बी बाहेर व्हा. तवापासून बाहेरच हाय. गावाची गुरं सकाळी गोळा करायची, गायरानात न्यायची, सांजच्याला ज्याच्या त्याच्या दारात सोडायची, हे माझं काम. त्यात बी एकदा एकाची म्हैस दुसऱ्याच्या दारात सोडली. म्हशीला समजलं, ती माघारी फिरली. मला न्हाई समजलं.

आमचं गाव देवनीच्या अलीकडं. लातूर नवा जिल्हा झाला आन तिकडं जिकडं बघावं तिकडं बांधकाम. कचेऱ्यांना विटा लागल्या, विटा भाजायला लाकूड लागलं. पाऊस तर दोन सालं झाली आमच्या वाटेला आला नव्हता. गायरान माझ्या टकलावानी झालं व्हतं. चार केसं, ती बी एका बाजूला. खाली ओढ्याच्या काठानं बाभळीचं बन तेवढं उभं व्हतं. त्याच्या शेंगा खाऊन गुरं जगून राहिली व्हती. आन त्याच बनावर वीटभट्टीवाल्याचा डोळा. बन गेलं की गुरं बाजारात जानार. मला तर बाजारात बी कोनी घेनार न्हाई.

तेवढ्यात पंचायतीची निवडनूक लागली. एका बाजूला तात्या, गावातले मोठे शेतकरी. दुसऱ्या बाजूला तेच माझे गुरुजी, आता रिटायर झालेले.

आमच्याकडं निवडनुकीत बेल-भंडारा उचलायला लावतात. हातावर बेलाचं पान आन हळद ठेवायची, खंडोबासमोर उभं ऱ्हायचं आन जबान द्यायची, मत तुम्हालाच. मागल्या खेपेला मी दोघांचा बी बेल उचलला. मग देवाला भिऊन शिक्का दोन चित्रांच्या मधोमध मारला. मत बाद झालं, पन इमान राहिलं.

यंदा मला अक्कल सुचली. तात्या दारात आले तसं म्हनलो, "तात्या, औंदा बेल तुम्ही उचलायचा."

"मी? कशाचा रं?"

"बनाला कुऱ्हाड लावू देनार न्हाई ह्याचा. आन ओढ्याकडचं अर्धं गायरान दोन पावसाळे बंद. कुऱ्हाड न्हाई, चराई न्हाई. गवताला जरा डोकं वर काढू द्या."

तात्या हसले. "चराई बंद केल्यावर तू काय राखशील? वारा?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पन तोंडातून निघून गेलं व्हतं. "अर्ध्यात भागवतो," म्हनलो.

बायको आतून बोलली, "त्यांना सवय हाय. अक्कल बी अर्धीच हाय, भागतंयच की."

तिथून गुरुजीकडं गेलो. ते म्हनले, "तुझी मागनी लेखी दे."

"लिवता आलं असतं तर गुरुजी, मीच उभा राहिलो नसतो का?"

आता बेल उचलायला एक गेला न् दुसरा न्हाई गेला तर गाव काय म्हनंल, म्हनून दोघं बी देवळात आले. समदं गाव गोळा झालं. मी पुजाऱ्यासारखा ताट धरून उभा. गुरुजींनी पान उचलता उचलता हात थांबवला. "आधी तू उचल. तुझी गुरं बंदीत शिरनार न्हाईत म्हन."

दोनशे मानसांत काय करता? उचलला. मग त्या दोघांनी बी उचलला.

गुरुजी निवडून आले, सरपंच झाले. ठराव झाला, दवंडी पिटली. मिरगानंतर थोडा शिडकावा झाला आन बंद तुकड्यात बोटभर गवत आलं, लई कवळं. समदी गुरं वासानं येडी व्हायची. मी दिवसभर काठी घेऊन पळायचो. एका दुपारी लिंबाखाली जरा टेकलो. जरा म्हंजे चांगला घोरलो. जागा झालो तर एक गाय बंदीच्या मधोमध, आरामात चरून राहिलेली. समद्या गावाची गुरं बाहेर, आन आत गेलेली ती माझीच, घरची देवनी गाय.

ते वीटभट्टीवाल्यानं रस्त्यावरून बघितलं. ट्रक थेट चावडीसमोर लावला. म्हनला, "सरपंच, ह्याची गाय आत चालती, तर माझी कुऱ्हाड का न्हाई? बंदी मोडली म्हना. उद्या मानसं लावतो."

तात्यांच्या मानसांनी माना डोलावल्या. गुरुजींनी चष्मा काढला आन माझ्याकडं बघितलं. एकजन मागून म्हनला, "बेल ह्यानं उचलला गुरुजी, गाईनं कुठं उचलला? द्या सोडून."

समदे हसले. मी बी हसलो. वाट चांगली व्हती, बगा. पन त्या वाटेनं मी निघालो की मागून ट्रक येनार, हे माझ्यासारख्याला बी दिसत व्हतं.

"गाय कोंडवाड्यात घाला," म्हनलो.

गुरुजी म्हनले, "दंड?"

"दंडाला माझ्याकडं काय न्हाई. मला बी घाला."

कोंडवाडा म्हंजे चुकार गुरं डांबायचं दगडी भिताडाचं आवार. गाय मुकाट आत गेली. मी शिरताना कवाडाला डोकं आपटलं. गुरुजींनी बाहेरून दोरी बांधली. गाव भिताडावर चढून बघून राहिलं. वीटभट्टीवाला बी उभा, आता कंटाळून सोडतील म्हनून.

सांजच्याला बायको भाकर घेऊन आली. कडब्याची पेंढी आधी गाईपुढं टाकली. "तिचं काय चुकलं," म्हनली. मग मला विचारलं, "किती दिवस?"

"गुरुजी म्हनतील तवर."

"ठेवा म्हनावं. घरात हवा लागंल जरा."

दुसऱ्या दिशी दुपारपतुर मी आतलं शेन काढत व्हतो. वीटभट्टीवाला परत आला, भिताडावरून वाकून म्हनला, "एका गाईपायी? येडा हायस का?"

"हाव," म्हनलो. "गाव बी तेच म्हनतं."

तो मागं वळला. चावडीवर गुरुजी ठरावाचा कागद मांडीवर घेऊन बसले व्हते, आन आता तात्या बी त्यांच्या शेजारी. त्यानं कुनाला काय इचारलं न्हाई. ट्रक निलंग्याच्या रस्त्याला लावला.

गुरुजींनी येऊन दोरी सोडली. "चल, बाहेर ये."

मी आलो. गाय येईना. आत पंचायतीचा कडबा व्हता, घरच्यापेक्षा चांगला. तिला बाहेर वढायला चार मानसं लागली, आन त्यातल्या तिघांना तिनं माझ्याच अंगावर ढकललं.