भाट्याच्या उतारावरची हाक

यजमान गेले त्या वर्षी मी देवाशी बोलणं सोडलं. फुलं वाहत होते, सासूबाईंना बरं वाटावं म्हणून एकादशीही धरत होते. पण लहानपणापासून मनात चालू असायची ती कुजबुज, देवा हे बघ, देवा ते सांभाळ, ती बंद झाली. भांडण असं काही नव्हतं. ज्याच्या कानापर्यंत काही पोचत नाही त्याला सांगायचं कशाला, एवढंच वाटे. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि मी एकतीसची.

रत्नागिरीतल्या यजमानांच्याच कचेरीत मला टायपिस्टचं काम मिळालं. आमचं घर पावस गावच्या रस्त्याला, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर. सकाळची एस.टी. भरून आली की आमच्या थांब्यावर थांबतच नसे, आणि साहेबांनी दोनदा उशिराबद्दल लेखी विचारलं होतं. शेवटी माझ्या भावाने वहिनीची लेडीज सायकल पाठवून दिली. ऐंशीनंतरची ती वर्षं. त्या रस्त्याने सायकलवरून कामाला जाणारी बाई मी एकटीच. सासूबाई आधी म्हणाल्या, "साडी नेसून कशी गो चालवणार तू?" आणि मग निऱ्या कुठे खोचायच्या, पिन कुठे लावायची, हे त्यांनीच बसून ठरवलं.

बाकीचं रस्त्याने शिकवलं. डबा हँडलला अडकवला तर वळणावर तोल जातो, तो मागे कॅरिअरलाच बांधायचा. वाटेतल्या पुलावर खाडीचा वारा आडवा येतो. त्याच्याशी जोर करायचा नाही, वेग कमी करून कठड्यापासून हातभर लांब राहायचं. एक कोरडी साडी कचेरीच्या कपाटात ठेवायची. हे सगळं मी नेमाने करत होते. फक्त सायकलकडे बघत नव्हते. चालते आहे ना, मग झालं.

भाद्रपद संपत आला होता. सकाळचे नऊ वाजले असतील, बारीक पाऊस पडत होता. मुलीला रात्री ताप होता, तिला सासूबाईंजवळ ठेवून निघायला उशीर झाला होता. सड्यावरून भाट्याच्या किनाऱ्याकडे उतरताना मी रोज ब्रेक धरून येत असे. त्या दिवशी निम्म्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला आणि त्याचा दांडा सुटून नुसता खडखडू लागला. मागचा दाबला, तर ओलं रबर रिमवरून घसरत राहिलं. सायकल माझ्या हातात राहिली नाही. समोरच्या वळणावर चिऱ्यांनी भरलेला ट्रक चढत होता. त्याचं इंजिन घरघरत होतं, आणि रस्त्यात मला जायला जागा नव्हती.

खरं सांगते, त्या क्षणी मी देवाचं नाव घेतलं नाही. मुलीचा तापलेला हात आठवला, आणि आता तिचं कोण, एवढंच मनात आलं. हात हँडलवर गोठले होते. तेवढ्यात हाक आली.

"डावीकडं घाल, बाय! वाळूत घाल!"

बाईमाणसाचा आवाज, खणखणीत, अगदी कानाशी. डावीकडे समुद्राच्या अंगाला रस्त्याची कड मोडून एक वाळूची पायवाट खाली गेली होती. रोज जाता-येता ती मला कधी दिसली नव्हती. मी विचार केला नाही. हँडल वळवलं. चाक वाळूत रुतलं आणि मी सायकलवरून पुढे फेकले गेले. मागून ट्रक गेला, त्याचं चिखलपाणी माझ्या पाठीवर उडालं.

डोळे उघडले तेव्हा डोक्यावर तिसऱ्यांची, खाडीतल्या शिंपल्यांची, टोपली घेतलेली एक म्हातारी धावत येत होती. आसपास दुसरं चिटपाखरू नव्हतं. तिने टोपली खाली ठेवली, मला उठवून बसवलं, गुडघ्याचं रक्त आपल्या लुगड्याच्या सोग्याने पुसलं. मी रडत "मावशी, तुम्ही वाचवलंत" म्हणत राहिले. ती एक शब्द बोलली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मी उभी राहिल्यावर टोपली उचलून निघून गेली.

सायकल ढकलत पूल ओलांडून मी अण्णांच्या दुकानात गेले. अण्णा सायकली दुरुस्त करत. राहायला भाट्यातच होते. त्यांनी दांडा हलवून बघितला. "वहिनी, हा नट आज नाय सुटला. पंधरा दिवस सैल हाय." मग पाना फिरवत सांगत गेले, "निघायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. पावसात रबर भिजतंय, तर उतार लागायच्या आधीच हळूहळू दाबून सुकवून घ्यायचं. मागचा आधी, पुढचा मागनं. आणि तो उतार पावसात चालत उतरा. पाच मिनिटं जातील, जाऊ देत."

मी त्यांना त्या म्हातारीबद्दल सांगितलं, तिने मारलेल्या हाकेबद्दलही. अण्णांचा पाना थांबला.

"तिसऱ्यांची टोपली? कपाळावर गोंदलेलं?"

"हो."

"ती बोलत नाय, वहिनी. तिचा मुलगा होडी घेऊन गेला तो परत आला नाय. त्याला अकरा वर्सं झाली. तेव्हापासून तिचा आवाज कुणी ऐकला नाय."

शनिवारी कचेरी लवकर सुटली. मुलीचा ताप उतरला होता. अण्णांनी सांगितलेल्या घरी मी नारळ आणि लुगडं घेऊन गेले. म्हातारी ओटीवर जाळं विणत बसली होती. तिच्या सुनेने मला पाट दिला. मी म्हातारीच्या पायाशी बसले आणि विचारलं, "मावशी, त्या दिवशी हाक तुम्हीच मारलीत ना?"

 तिने मान हलवली. नाही.  तिने हातातलं जाळं बाजूला ठेवलं, आपल्या कानाला बोट लावलं, मग दोन्ही हात जोडून कपाळाला टेकवले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सून हळू आवाजात म्हणाली, "त्या सांगतायत, त्यांनी पण ऐकली. हाक ऐकून त्या वळल्या, म्हणून तुम्ही दिसलात."

मी तिचे जोडलेले हात माझ्या हातात घेतले. तिचा मुलगा परत आला नव्हता, माझे यजमान येणार नव्हते. तरीही त्या ओटीवर आम्ही एकट्या नव्हतो, एवढं मला स्वच्छ जाणवलं. तो आवाज कुणाचा, हे मी नंतर कुणाला विचारलं नाही, शोधलंही नाही.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी त्याच रस्त्याने सायकलवरून गेले. रोज नट तपासला, दोन्ही ब्रेक दाबून बघितले, पावसात उतार चालत उतरले. शरण जायचं म्हणजे हात सोडून द्यायचे, असं मी पूर्वी समजत असे. आता वाटतं, आपल्या हातातलं सगळं नीट करावं, आणि वळणापलीकडचं देवाच्या स्वाधीन करावं. ज्याला मी हाकही मारली नव्हती, त्याने मला हाक मारली. एवढं मिळालं, म्हणून त्यानंतर मी त्याच्याकडे काही मागितलेलं नाही.