चादरताईंचा वारा

समुद्राकाठच्या त्या उपनगरात कोरडं राहायचं म्हणजे रोजची हुज्जत. मिठाची बरणी आपोआप पाझरायची. कपाटातल्या बुटांना आठवड्यात हिरवी लव फुटायची. नवाकोरा फ्रिज दोन पावसाळ्यांत पायाकडून गंजत वर यायचा, आणि दारं फुगून अशी घट्ट बसायची की घराबाहेर पडणारा माणूस आधी दाराला खांदा द्यायचा. तरी लोक यायचे थांबत नव्हते. बंदरावरचे कारकून आले, पेन्शनीतले मास्तर आले, आणि सुट्टीत समुद्र बघायला पाहुणे आले. पाहुण्यांमुळे लॉज आले, लॉजमुळे चादरी आल्या, आणि चादरींमुळे चादरताई.

त्यांचं खरं नाव सांगायला त्यांच्या सख्ख्या भावालाही क्षणभर थांबावं लागे. लग्न चार वर्षं टिकलं. मग त्या एक पेटी आणि एक इस्त्री घेऊन माहेरी परत आल्या. वडिलांनी फार चौकशी केली नाही, घराचेच दोन भाग केले. समुद्राकडचा पुढचा भाग धाकट्या भावाला, मागच्या दोन खोल्या आणि अंगण ताईंना. त्याच अंगणात पाच दोऱ्या बांधून ताईंनी लॉजच्या चादरी धुवायला घेतल्या, आणि बघता बघता नाव कमावलं.

उन्हावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणायच्या, इथलं ऊन कपडे तापवतं, वाळवत नाही. वाळवणारा वारा. तो दुपारी, जेवण उरकून निघाल्यासारखा, समुद्रावरून यायचा, भावाच्या बैठ्या घराची कौलं ओलांडायचा आणि थेट ताईंच्या अंगणात उतरायचा. पाचही दोऱ्यांवर मग असा फडफडाट सुरू व्हायचा की शेजारच्या मास्तरांना रेडिओ मोठा करावा लागे. संध्याकाळी ताई एकेक चादर गालाला लावून बघायच्या. गालाला गार लागली की परत दोरीवर. ओलसर चादर त्यांनी आयुष्यात कुणाच्या हातात दिली नव्हती. याबाबत त्या नाकावर माशी बसू देत नसत.

वाटणीच्या वेळी वडिलांनी भावाकडून एक शब्द घेतला होता, पुढचं घर बैठंच राहील. भाऊ तेव्हा म्हणाला होता, "ताईच्या वाऱ्याला मी हात लावणार नाही." घरातले सगळे हसले होते. वाऱ्याला हात कोण लावणार?

भाऊ टॅक्सी चालवायचा. बोलणं असं साखर पेरलेलं की पाहुणे स्टेशनवर उतरले की समुद्र बघायच्या आधी त्याच्या प्रेमात पडायचे. त्याला ताईंनी कडेवर घेऊन वाढवलेलं. त्यामुळे वडील गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तो चहाचा कप घेऊन मागे आला आणि वारा नेमका कुठून येतो असं विचारू लागला, तेव्हा ताईंना कौतुकच वाटलं. बायकोला स्वयंपाकघरात धुराचा त्रास होतो, खिडकी पाडायची म्हणतोय, असं तो म्हणाला. ताई पदर खोचून शिडीने त्याच्या कौलांवर चढल्या. काठीला चिंधी बांधून त्यांनी दाखवलं, इथे अडतो, इथे वळतो, आणि या इथे, डोक्याच्या वर हातभर, तो खरा मोकळा सुटतो. भाऊ खालून मान डोलावत होता. एवढ्या उंचावर स्वयंपाकघराची खिडकी कशी येणार, हे मात्र दोघांपैकी कुणी बोललं नाही. एकीच्या डोक्यात आलं नाही, दुसऱ्याच्या आधीपासूनच होतं.

मग कौलं उतरली. गळती आहे म्हणाला. खांब उभे राहिले. पाण्याची टाकी बसवायची म्हणाला. ताईंनी गवंड्यांना दोन वेळचा चहा दिला, आणि परांची बांधायला दोरी कमी पडली तेव्हा आपली पाचवी दोरी सोडून दिली. टाकीला चार बाजूंनी भिंती आल्या, भिंतींना समुद्राकडे तीन खिडक्या आल्या आणि खिडक्यांना पडदे आले, तेव्हा कुठे ताईंनी भावाला अंगणात बोलावलं.

"शब्द दिला होतास ना?"

भाऊ टॅक्सीची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला. "बाबांना दिला होता, ताई. बाबा आता आहेत कुठे?"

इतक्या सहज म्हणाला. केसाने गळा कापायचा तर तोही आपणच विंचरून दिलेल्या केसाने, एवढंच ताईंच्या मनात आलं आणि त्या कपडे पिळायला वळल्या.

अंगणातल्या चादरी आता दोऱ्यांवर शाळेतल्या शिक्षेसारख्या उभ्या राहू लागल्या. हलणं नाही, बोलणं नाही. ताई इस्त्रीने त्या वाळवू बघायच्या, पण इस्त्रीने ओल जाते आणि वास राहतो. मोठ्या लॉजच्या मॅनेजरने एक चादर नाकाशी धरली आणि पुन्हा घडी घालून ठेवली. पुढच्या आठवड्यापासून त्याचं गाठोडं आलं नाही. मग दुसऱ्याचंही थांबलं.

तेव्हा भाऊ स्वतः गाठोडं घेऊन आला. वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती त्याने, "वाऱ्याच्या खोल्या" म्हणून. चादरी घरातच धुतल्या जाव्यात, असं त्याला वाटत होतं. "आणि ताई, वर गच्ची आहे की. तुझी सगळी गिऱ्हाइकं परत आण, वर वाळत घाल. आमच्या चादरींचं मात्र आपसात, काय?"

आपसात म्हणजे फुकट, हे समजायला ताईंना वेळ लागला नाही. तरी त्या गच्चीवर जाऊन आल्या. वर वारा होता. सगळाच्या सगळा. पदर डोक्यावरून उडाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाऱ्याने आलं असं समजून घ्यायची सोय होती. गच्ची घेतली तर धंदा वाचत होता. फक्त रोज त्याच्या जिन्याने, त्याच्या मर्जीने, आपलाच वारा मागायला चढायचं.

ताईंनी त्याच्या चादरी धुतल्या. नेहमीसारख्या, डाग चोळून, दोनदा खळबळून. मग पिळल्या आणि ओल्याच बादलीत घालून त्याच्या दारात नेऊन ठेवल्या. भावजय गोंधळून म्हणाली, "ताई, या ओल्या आहेत."

"धुवायचं काम माझं, ते झालं," ताई आत बसलेल्या भावाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "वाळवायचं काम वाऱ्याचं. तो तुमच्याकडे आहे."

भाऊ बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी चार दोऱ्या सोडल्या, हातगाडीवर उरलेल्या दोन लॉजचं ओझं घातलं आणि वस्तीपलीकडच्या, जुन्या होड्या टाकून दिलेल्या माळावर निघाल्या. तिथे वारा होता, धूळही होती. काही चादरी पुन्हा धुवाव्या लागणार होत्या. गाडी भावाच्या दारावरूनच जायची, दुसरा रस्ता नव्हता. टॅक्सी पुसता पुसता तो वाकून चाकाकडे बघत राहिला.

दुपारी घरी येऊन त्या पाठ टेकतात. वर गच्चीवर भावजयीने चादरी घातलेल्या असतात. ओली चादर जड, दबका आवाज करते, वाळली की चटचट वाजते. डोळे मिटूनही ताईंना कळतं, वाळल्या, आता काढल्या पाहिजेत, नाहीतर संध्याकाळची ओल पुन्हा धरेल. त्या सवयीने उठून बसतात, चपलेत एक पाय घालतात.

मग तो पाय परत काढून घेतात आणि वरच्या चादरी वाजत राहतात.