पळीभर पाणी

साऱ्या वऱ्हाडात म्हशीला अहोजाहो करणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या आईचा मामा होता. माणसांना मात्र, मग गावचा पाटील असो की देवळातला पुजारी, ते अरे-तुरेच करीत. आम्ही लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत असू. पहाटे धार काढायला बसताना ते म्हशीपुढे हात जोडून म्हणत, "बाईसाहेब, जरा पाय बाजूले घेता का?" बाईसाहेब घेत नसत. मग मामाच आपले पाय आवरून बसत. उन्हात निघाले की त्यांची छत्री डोक्यावर नसे, दुधाच्या घागरीवर असे. एकदा भर दुपारी चक्कर येऊन पडले, पण छत्री हलू दिली नाही. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "दूध तापलं त नाई?"

कापसाचा भाव कोसळला त्या वर्षी माझी अमरावतीची इंग्रजी शाळा सुटली आणि मी आमच्या गावी, किन्हीराजाला, घरी येऊन बसले. चार माणसांसमोर माझा आवाज फुटत नसे. त्याच दिवसांत मामांनी दूधमंडळी काढली. घरोघरचे दूध एका कढईत आटवायचे, खवा वाशिमच्या हलवायाला द्यायचा आणि त्यातून सगळ्यांच्या घरचे तेल-मीठ भागवायचे. दूध आणि पूत विकू नये, असे म्हातारे म्हणू लागले. मामा म्हणाले, "दूध कोन विकून राह्यलं बे? आपन खवा विकतो." म्हाताऱ्यांना तेवढी फट पुरली.

शेतकी खात्याच्या एका साहेबाने मामांना दूध तपासायची काचेची नळी दिली होती. दुधात पाणी असले की ती जास्त बुडे. तिच्यावरची अक्षरे इंग्रजी, म्हणून मामांनी मला कढईपाशी बसवले. "तू फक्त वाच. बोलाचं मी पाहून घेतो," ते म्हणाले. त्या एका वाक्याने मला किती हलके वाटले, ते त्यांना कधी सांगता आले नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात चारा संपला. घागरीने येणारे दूध तांब्यावर आले आणि कढईतली नळी रोज थोडी जास्त बुडू लागली. लाकडे दुप्पट जळत आणि खवा निम्मा निघे. हलवायाने निरोप धाडला, एवढासाच पाठवणार असाल तर राहू द्या. मंडळी मोडायला आली आणि संशय गेला गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरच्या एका बाईवर, कारण सर्वांत शेवटी तीच मंडळीत आली होती. नवरा कामासाठी परमुलखात, घर एका म्हशीवर.

देवळापुढे बैठक बसली. पाटील म्हणाले, "तांड्याचं दूध बंद करा, म्हंजे झालं."

ती खांबाशी तांब्या धरून उभी होती. "माह्या दुधात पानी नाई," ती म्हणाली. "नळी टाकून पाहा."

मामांनी मला खूण केली. मी तिच्या तांब्यात नळी सोडली. दूध चोख होते.

"नळी काय म्हनून राह्यली?" मामांनी विचारले.

"चोख आहे," मी म्हणाले.

"मंग पानी येते कुठून?" पाटलांनी विचारले.

कुठून येते, ते मला महिनाभर माहीत होते. दूध घराबाहेर काढताना त्याला नजर लागू नये म्हणून आई त्यात पळीभर पाणी घालते, हे मी रोज पाहत होते. घागर होती तेव्हा ती पळी कुठल्या कुठे जाई. घागरीचा तांब्या झाला, पळी मात्र तेवढीच राहिली. आईचे नाव कसे घ्यावे म्हणून मी गप्प होते. मी मामांकडे पाहिले. बोलायचे ते पाहून घेणार होते, पण ते माझ्याकडेच पाहत होते.

"आमच्या घरून," मी म्हणाले. "आई पळीभर घालते. नजरेसाठी."

मग बायकांतून पाटलीणबाईंचा आवाज आला, "मंग? बिना पान्याचं दूध घराभाईर काढतेत का कोनी?" बाकीच्या बायका माना डोलवू लागल्या. पाटील जमिनीकडे पाहू लागले. ही रीत नव्हती ती फक्त तांड्यावर.

मामा सावकाश उठले. "मी त दोन पळ्या टाकतो," ते म्हणाले. "आमच्या बाईसाहेबांवर लोकायची लई नजर हाय."

दुसऱ्या दिवसापासून पाण्याऐवजी तुळशीचे पान टाकायचे ठरले. आठ दिवसांत गावातल्या तुळशी बोडक्या झाल्या, पण हलवायाची तक्रार थांबली. तांड्यावरच्या बाईच्या तांब्यातही पान दिसले, तेव्हा आईने तिला विचारले, तुले काहून लागते? ती म्हणाली, "साऱ्यायचं जे, तेच माहं."

त्या दिवशी बैठकीहून मी आणि मामा घरी निघालो, तेव्हा ऊन कडक होते. त्यांची घागर रिकामी होती. छत्री त्यांनी उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली. मग म्हणाले, "बरं झालं, बाई. तुमी बोलल्या."

मामा जाऊन आता दोन वर्षे झाली. मी अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवते. मुली मला अहोजाहो करतात, त्याचे काही वाटत नाही. पण भर उन्हात रस्ता ओलांडताना अजूनही माझी नजर क्षणभर वर जाते.