काचेतला हललेला फोटो

दौंड स्टेशनसमोरच्या एका स्टुडिओत मी रोल धुवायला टाकायचो. मालकांचं नाव कधी विचारलं नाही. प्रत्येक फोटो ते आधी उलटा धरून बघत, मग सुलटा. आवडला तर दर्शनी काचेत लावत, नाहीतर मुकाट्यानं पाकीट पुढं सरकवत. माझा एकही काचेत लागला नव्हता.

एकदा शेतातले फोटो बघून म्हणाले, "हे तुमचं वडील ना? समदे पाठमोरे. बोलत न्हाई व्हय त्यांच्याशी?"

मी शेती सोडून कंपनीत लागल्यापासून आमचं बोलणं बंदच होतं.

पुढच्या सुट्टीत वडील उसाला पाणी देत होते. मी हाक मारली. ते वळले आणि मी घाईघाईत कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

"हललाय," फोटो बघून मालक म्हणाले. मग काचेतली नवरानवरी काढून त्यांनी तिथं माझे वडील लावले.