माझं काम, सुजाताचं नाव

लांज्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आईने माझा हात सुजाताच्या हातात दिला, जशी काही पाठवणीच! "एकमेकींना सोडू नका गो. परक्या मुलखात आपलं मानूस म्हंजे अर्धं घर." सुजाता आमची शेजारीण, चिऱ्याच्या गडग्यापलीकडची. दोघींना एकाच कंपनीत नोकरी लागली होती. गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, मी आईच्या त्या शब्दावर डोळे मिटून विसंबले.

आमची कंपनी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर करते. त्यातला स्पेलचेकर मधे छोटी रेघ किंवा वरचा स्वल्पविराम दिसला की शब्द तोडायचा. 'उरलं-सुरलं' लिहिलं की नुसतं 'सुरलं' तपासायचा आणि खाली लाल रेघ. डि'सोझा आडनावाचे तर सरळ दोन तुकडे! तोडूच नको म्हटलं, तर 'आंबा-फणस'सुद्धा लाल, कारण ती जोडी त्याच्या यादीत नाही. महिनाभर डोकं आपटलं तेव्हा सेटिंग बसलं: आधी अख्खा शब्द बघ, नाही सापडला तरच तुकडे तपास. वरचा स्वल्पविराम सरळ असो की वाकडा, एकच धर आणि त्यावर तोडू नको.

आमच्या दोघींच्या रूमवर बांगडे तळता तळता मी हे सगळं सुजाताला सांगितलं. दुसरं होतं कोण? सोमवारी मीटिंगमध्ये तिने ते उभं राहून मांडलं, माझ्या उदाहरणांसकट! "मी असा विचार केला," म्हणे. सर खूश, सुजाताबाई टीमलीड. आयत्या बिळावर नागोबा! परक्याने केलं असतं तर तिथल्या तिथे भांडले असते. हिने केसाने गळा कापला. मी रूम सोडली.

तिकडे तिच्या आईने पेढे वाटले. आईचा मला फोन, "तुला का नाय जमलं गो?" ते फार लागलं. आईला तरी खरं कळावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून शिमग्याला गेले आणि चुलीपाशी बसून सगळं ओकले.

आई भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "ठाव हाय मला, पेढ्यांच्या आधीपासून. सुजातानं रडत आयशीला सांगितलंन, तिनं मला."

"मग फोनवर तसं का विचारलंस?"

"पेढे घ्यायला वाडी जमली हुती. काय बोलू? तू पन कुठं बोलू नको. आपलेच दात, आपलेच ओठ. तू जाशील पुन्याला. मला ताप आला की मी तिच्याच आयशीला हाक मारनार."

संताप आला, रडूही आलं. पण ती खोटं बोलत नव्हती. माझ्या घराने माझ्याशिवाय राहायची सोय लावून घेतली आहे. त्या सोयीत सुजाताची आई आहे, मी नाही.

गणपतीला जाईन, नाही कशी जाणार? आई आहे माझी. मनातलं सांगायला मात्र मी आता घरी जात नाही.